बाराव्या हिश्शाची गाडी

“घट्ट धर, पण ओढू नकोस,” तुकाप्पा मेस्त्री म्हणाले आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. “टेप ओढली की माप चुकतंय.”

“एवढ्याशा ओढीनं काय होतंय मेस्त्री?”

“बारानं भागल्यावर कळंल तुला. धर तिथं. चाकाच्या मधोमध. खुळ्यागत टायराला काय लावतीस?”

फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो होतो. मध्ये मालकांची जुनी रेसची गाडी होती. मालकांनी तरुणपणी ती कोल्हापुरातच, उद्यमनगरातल्या कारागिरांकडून बांधून घेतली होती आणि मद्रासला नेऊन शर्यतीत पळवली होती. लाल रंग, उघडी चाकं, एकाच माणसापुरती जागा, नाकावर पांढऱ्या गोलात सतरा आकडा. शर्यतीत कितवा नंबर आला होता ते मालक दर दसऱ्याला वेगळं सांगायचे.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. मी तेवीस वर्षांची होते आणि फौंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोकांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि तेच शाईनं गिरवायचं, हे माझं काम. हात चांगला होता. पण चार वर्षं दुसऱ्याच्या रेषा गिरवल्यावर आपली एक तरी रेषा असावी असं वाटायला लागतं. ड्राफ्ट्समनची एक जागा रिकामी होती. तिथं तोवर कुणी बाई बसली नव्हती.

तुकाप्पा मेस्त्री पॅटर्नमेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. तो नमुना करणारा माणूस चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मेस्त्री एकतीस वर्षं पॅटर्न शॉपच्या बाकावर होते. मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातले बाकीचे मला ‘ओ बाई’ म्हणायचे. मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारलं, “नाव काय लेकी तुझं?” आणि तेव्हापासून मी शालन.

त्या वर्षी एका पंपाच्या कव्हराचे बारा नग मापाबाहेर निघाले. साचेवाले म्हणाले नमुना चुकलाय, मेस्त्री म्हणाले नमुना बरोबर आहे. हेरवाडकर साहेब नवीन वर्क्स मॅनेजर होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “मेस्त्री, छप्पन्न वर्षं झाली तुम्हाला. डोळे थकतात माणसाचे. स्टोअरला जागा आहे. बसून काम.”

“डोळं ठीक हैत माझं,” मेस्त्री म्हणाले.

त्याच सुमाराला शहरातल्या मोटारींच्या हौशी मंडळींनी रेसच्या छोट्या गाड्यांचं प्रदर्शन ठरवलं. अट अशी की खऱ्या गाडीच्या बरोबर बाराव्या हिश्शाची प्रतिकृती हवी, सगळी हातानं केलेली, विकतचं सामान चालणार नाही. मापं तपासायला पुण्याहून परीक्षक येणार. मालकांना ते कळलं आणि ते पॅटर्न शॉपमध्येच येऊन उभे राहिले.

“तुकाप्पा, माझी सतरा नंबर करायची.”

“करू की मालक.”

हेरवाडकर साहेब मागे होते. मालक त्यांच्याकडे वळून म्हणाले, “गाडी मापात निघाली तर ह्याचा बाक हलवायचा विषय काढायचा नाही. नाही निघाली तर तुमचं तुम्ही बघा. मी मध्ये पडणार नाही.”

“चालेल,” साहेब म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी एक प्रिंट द्यायला आले होते. “नकाशा ह्या काढतील. बघू तरी गिरवण्यापलीकडं काय जमतंय.”

अशी एकाच गाडीवर आमची दोघांची परीक्षा लागली. सामानासाठी काही मिळणार नव्हतं. मालक जाताना हात फिरवून म्हणाले, “भंगारातलं काय पाहिजे ते घ्या.” जणू काही भंगार म्हणजे दागिन्यांची पेटी. मेस्त्रींनी ते तसंच घेतलं.

*

काम सुटल्यावर, पाच ते साडेसहा, आम्ही पॅटर्न शॉपमध्ये बसायचो. ऑफिसातल्या पट्ट्या, कंपास सगळं पाच वाजता कपाटात बंद व्हायचं, म्हणून नकाशा काढायला मी मेस्त्रींचंच सामान वापरायची.

खिडकीशेजारी पाच खिळ्यांवर पाच पोलादी पट्ट्या टांगलेल्या होत्या. सगळ्या एकसारख्या दिसायच्या.

“ह्यातली एकच खरी,” मेस्त्रींनी पहिल्या दिवशीच सांगितलं. “पैल्या खिळ्यावरची. बाकी चार खोट्या.”

“खोट्या म्हणजे?”

“धातू थंड झाला की आकसतोय. मग नमुना थोडा मोठा कराय पायजे का नको? दर खेपेला हिशेब कोण करत बसंल? म्हणून पट्टीच मोठी करत्यात. ही बिडाची, ही पितळेची, ही ॲल्युमिनियमची. ही पोलादाची, ही सगळ्यांत लबाड. शंभराला दोन जास्त. बघून कळत न्हाई. टोकाला बारका शिक्का हाय, तो बघायचा.”

त्यांनी पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. ते शिक्का बघत नव्हते, चाचपत होते. मला त्याचं कौतुक वाटलं.

पहिला आठवडा गाडी मापण्यातच गेला. मग मेस्त्री भाचीच्या लग्नाला दोन दिवस कागलला गेले. जाताना म्हणाले, “मी येईपर्यंत नकाशा तयार ठेव. बारावा हिस्सा, छोटी गाडी जेवढी व्हायची तेवढ्याच मापाचा. म्हणजे मी थेट कागदावरनं उचलीन.”

त्यांच्या बाकावर मी एकटी. मला त्या दोन दिवसांचा फार आनंद झाला होता, अजून आठवतो. शॉप झाडलं. पट्ट्यांवर तेलाची आणि लाकडाच्या भुश्श्याची किटणं चढली होती. पाचही खाली काढून रॉकेलनं पुसल्या, लखलखीत केल्या आणि परत टांगल्या. मग हात धुऊन कागद ताणला आणि नकाशा काढायला बसले. वरून, बाजूनं, पुढून, असा तिन्ही अंगांनी. माझ्या आयुष्यातला तो पहिला नकाशा, जो मी कुणाचा गिरवलेला नव्हता. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘रेखाटन’ यापुढे माझं नाव लिहिलं. ‘तपासणी’ यापुढची जागा मेस्त्रींसाठी सोडली.

परत आल्यावर मेस्त्री आधी पट्ट्यांपाशी थांबले.

“आंघोळ घातलीस व्हय सगळ्यांना?”

“मग? किती घाण होत्या.”

“घातलीस ते बरं केलंस. पण पोरांच्या जागा बदलल्यास की.” त्यांनी एकेक पट्टी उचलून टोक चाचपलं आणि हसत हसत योग्य खिळ्यावर टांगली. “आता बसल्या आपापल्या वर्गात.”

मीही हसले. नकाशा तेव्हा गुंडाळून त्यांच्या बाकावर ठेवलेला होता. त्यांनी तो उलगडला, तळहातानं सपाट केला, बराच वेळ नुसता बघितला.

“देखणा काढलाईस.”

“तपासा तरी.”

“तुझं काय तपासायचं?” असं म्हणून त्यांनी सही केली.

*

नंतरचे तीन आठवडे कसे गेले ते मला कळलंच नाही.

गाडीचं अंग त्यांनी नमुन्यातून उरलेल्या सागवानाचं केलं. आतून इतकं कोरलं की उजेडात धरल्यावर लाकूड तांबूस दिसायचं. इंजिनावरचं झाकण तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं. चाकांच्या तारा सायकलच्या तारा कानशीनं घासून बारीक केलेल्या. टायरसाठी मी माझी जुनी हवाई चप्पल दिली. मेस्त्रींनी ती गोल कापून लेथवर धरली आणि ब्लेडनं त्यावर खाचा पाडल्या, तेव्हा रबराचा असा वास सुटला की शेजारच्या शॉपमधले लोक आग लागली म्हणून धावत आले. धुराड्याचा पाइप म्हणजे बॉलपेनची संपलेली रिफिल. पुढची जाळी चहाच्या फुटक्या गाळणीची. वाऱ्याची काच माझ्या आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेची फिल्म होती. सोड्याच्या पाण्यात ठेवून गुडघा धुऊन टाकला.

“आईला म्हणावं, तुझा गुडघा मद्रासला पळालाय,” मेस्त्री म्हणाले.

बारीकसारीक काम माझ्याकडे होतं. टाचण्यांची डोकी कापून झाकणाच्या कडेनं मी रिबिटं बसवली, एकशे चाळीस. मापकांच्या तबकड्या काढल्या. एकेक हरभऱ्याच्या डाळीएवढी, त्यात काटा आणि आकडे. चप्पल शिवणाऱ्या ओळखीच्या बाईकडून पातळ कातड्याचं कात्रण आणून सीट शिवली. खऱ्या सीटला डावीकडे एक फाटलेली जागा होती आणि वरून कुणीतरी ओबडधोबड टाके घातले होते. तेही मी तसेच घातले.

एकदा मला वाटलं, मेस्त्री आकडे न वाचताच काम करतात. नकाशावर मी प्रत्येक माप लिहिलं होतं, पण ते कंपासचं एक टोक रेषेच्या या कडेला, दुसरं त्या कडेला टेकवायचे आणि तेवढं अंतर उचलून थेट लाकडावर ठेवायचे.

“आकडे वाचून दाखवू का?”

“कशाला? रेघ हाय की समोर. आकड्यापरास रेघ खरी.”

मग एका संध्याकाळी मी पाणी प्यायला गेले होते ती लवकर परतले. मेस्त्री बाकावर वाकले होते, नाकावर जाड काचांचा चष्मा. माझी चाहूल लागताच त्यांनी तो भुश्श्याच्या डब्यात खुपसला. मग लहान मुलासारखे बघायला लागले.

“बघितलंस?”

“चष्मा तर सगळ्यांनाच लागतो मेस्त्री.”

“लागतोय. पण हेरवाडकरला एवढंच निमित्त पुरं हाय. लांबचं मला स्पष्ट दिसतंय. जवळचं अक्षर तेवढं पुसट. हाताला मात्र सगळं दिसतंय.” त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं. “केसाएवढा फरक असला तरी कळतोय. कुणाला बोलू नकोस शालन.”

मी बोलले नाही. मी कुणाला सांगितलं नाही याचा मला अभिमानसुद्धा होता.

*

प्रदर्शन रविवारी सकाळी एका शाळेच्या सभागृहात होतं. मालकांनी खरी सतरा नंबर ट्रॉलीवर घालून पटांगणात आणून उभी केली होती. आत टेबलांवर बावीस गाड्या. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं परदेशातून चाकं मागवली होती, ते उघडकीला येऊन त्याचं नाव सकाळीच खोडलं होतं. तो दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता की चाकं तेवढी सोडली तर बाकी सगळं घरचं आहे.

आमच्या टेबलाभोवती गर्दी हटेना. मालक आले, वाकले आणि आत बघून ओरडलेच, “अरे, सीट फाटलीय ती पण? तुकाप्पा, हे तू केलंस?”

“ते शालननं,” मेस्त्री म्हणाले. “तबकड्या बी तिच्या. नकाशा बी तिचाच.”

मेस्त्रींनी त्या दिवशी लग्नातला कोट घातला होता. हेरवाडकर साहेबांनीही गाडी वळसा घालून बघितली. “सुंदर,” ते म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. मग मला म्हणाले, “नकाशा उद्या माझ्या टेबलावर आणून ठेवा. मला बघायचाय.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

परीक्षक किरकोळ अंगाचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ होते. त्यांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि न बोलता गाडी मापली. एकदा झाल्यावर पुन्हा मापली. मग त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं वाईट वाटलेलं दिसलं.

“इतकं देखणं काम मी पुण्यातसुद्धा बघितलं नाही,” ते मेस्त्रींना म्हणाले. “पण मापात बसत नाही हो. दीड मिलिमीटरच्या वर सूट नाही.” आणि एक कागद टेबलावर ठेवून ते पुढच्या गाडीकडे वळले.

मेस्त्रींनी कागद उचलला, हात लांब करून धरला, पुन्हा जवळ आणला. चष्मा कोटाच्या आतल्या खिशात होता, मला माहीत होतं. साहेब आणि मालक चार टेबलं पलीकडे उभे होते.

“वाच की,” मेस्त्री हळूच म्हणाले. “कुठं चुकलो?”

मी कागद घेतला. दोन रकाने होते. एकात असायला हवं ते माप, दुसऱ्यात निघालं ते. लांबी तीनशे हवी, तीनशे सहा होती. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एकशे नव्वद हवं, एकशे त्र्याण्णव पूर्णांक आठ होतं. रुंदी एकशे दहाच्या जागी एकशे बारा पूर्णांक दोन. चाक पन्नासच्या जागी एक्कावन्न.

चार वर्षं मी आकड्यांतच बसले होते. मला भागाकार करावा लागला नाही. प्रत्येक ओळीत शंभराला दोन. वर नाही, खाली नाही, सगळीकडे बरोबर शंभराला दोन.

पहिल्या खिळ्यावर मी कोणती पट्टी टांगली होती ते मला त्या क्षणी कळलं. पुसून लखलखीत केलेली, सगळ्यांत लबाड. मी शिक्का बघितला नव्हता. खिळा बघितला होता.

आणि हेही कळलं की त्या कागदावर मेस्त्रींच्या हाताची साक्ष लिहिलेली आहे. ज्याचे डोळे गेले तो कुठे जास्त चुकतो, कुठे कमी. हा माणूस माझी प्रत्येक रेघ केसाचाही फरक न करता लाकडात उतरवत गेला होता, चुकीसकट. मी दोनच ओळी खऱ्या वाचल्या असत्या तरी ते म्हणाले असते, “थांब. पोलादाची पट्टी.” एकतीस वर्षांचा पॅटर्नमेकर होता तो. मग त्यांनी मालकांना हाक मारली असती आणि दोन मिनिटांत सगळं स्पष्ट झालं असतं. आणि उद्या हेरवाडकर साहेबांच्या टेबलावर माझा नकाशा गेला असता. पट्टीचा शिक्का न बघणारी बाई. वर्षभर ऑफिसात ते हसू पुरलं असतं.

हे सगळं मी विचार करून ठरवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. तेवढा वेळच नव्हता. पण तोंड माझंच होतं.

“लांबी सहा जास्त,” मी वाचलं.

“सहा?”

“चाकांमधलं अंतर… साडेतीन कमी.”

“कमी?”

“कमी. रुंदी दोन जास्त.” माझा आवाज स्थिर होता, याचं मला अजून नवल वाटतं. “चाकं एक कमी.”

मेस्त्रींनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, हळूहळू, पुन्हा पुन्हा, जणू त्यांच्यामध्ये काही आहे का ते बघत होते.

“चाकं तर मी चारदा मापली हुती,” ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

साहेब आणि मालक आले. “काय झालं?” मालकांनी विचारलं.

तेव्हाही वेळ होती. मी तोंड उघडायच्या आत मेस्त्रीच बोलले. “न्हाई बसली मालक मापात. कुठं जास्त, कुठं कमी. हात गेला माझा.”

“बघू कागद,” हेरवाडकर साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले. ते इंजिनियर होते. त्यांना एक नजर पुरली असती.

“परीक्षकांनी परत घेतला,” मी म्हणाले. कागद माझ्या पर्समध्ये होता.

साहेबांनी हात खाली घेतला. मालक मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गाडी मी माझ्या केबिनमध्ये ठेवणार. मापाचं जाऊ दे खड्ड्यात.” पण बाकाबद्दल ते काही बोलले नाहीत. तसं ठरलंच होतं.

*

पुढच्या एक तारखेला मेस्त्री स्टोअरला गेले. आपल्या पटाशा त्यांनी नव्या माणसाला देऊन टाकल्या. एकही ठेवली नाही. घरीसुद्धा लाकडाला हात लावत नाहीत असं त्यांच्या बायकोनं कुणाला तरी सांगितलं.

नकाशा मी रविवारीच फाडून चुलीत घातला. सोमवारी साहेबांना सांगितलं की सभागृहात कुठेतरी राहिला. माझ्या सगळ्या खोटेपणात हे सगळ्यांत सोपं गेलं. साहेब म्हणाले, “असू दे. गाडीवरून कळतंय तुमचं काम. चुकलं ते मेस्त्रींचं.” दीड महिन्यात मला ड्राफ्ट्समनची जागा मिळाली. ऑफिसात पेढे वाटले. स्टोअरला मी शिपायाच्या हातून पाठवले.

मालकांच्या सहीसाठी केबिनमध्ये जावं लागायचं. तिथं काचेच्या कपाटात ती गाडी होती. मी सही होईपर्यंत खिडकीकडे बघायची.

स्वतःची समजूत घालायला मी खूप काही शोधून काढलं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले असते तर? सही करताना एकदा तपासलं असतं तर? हे सगळं खरंही होतं. खऱ्यानं माणसाला झोप येते असं नाही.

पाच महिन्यांनी पंपाचं तेच कव्हर पुन्हा मापाबाहेर निघालं. नमुना या वेळी नव्या माणसाचा होता. चौकशीत कळलं की साच्याच्या पेटीचे दोन भाग जुळवणाऱ्या खुंट्या झिजल्या होत्या, अर्ध्या पेट्या हलत होत्या. म्हणजे मेस्त्रींचा पहिला नमुनाही बरोबर होता. खुंट्या बदलल्या, विषय मिटला. मेस्त्रींना परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी गाडी होतीच की, केबिनमध्ये, सगळ्यांना दिसेल अशी.

त्या दिवशी मात्र मी ठरवलं. दुपारच्या सुट्टीत स्टोअरच्या खिडकीशी गेले. कागद पर्समध्ये घेतला होता.

मेस्त्री खिडकीमागे स्टुलावर बसले होते. चष्मा आता उघडपणे नाकावर होता. पोट थोडं सुटलं होतं. मला बघून तोंडभर हसले.

“ये, ये ड्राफ्ट्समन! बोर्डावर बसल्यापासनं वाट चुकलीस व्हय इकडची?”

“मेस्त्री, पंपाचं कळलं का तुम्हाला?”

“कळलं की. मी तवाच बोललो हुतो. पण आता त्याचं काय?” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “शालन, मला राग न्हाई कुणाचा. नमुना बरोबर हुता, ते बरं वाटलं. पण गाडीत माझा हात गेलाच ना? आज न्हाई तर उद्या नमुन्यातबी गेला असता. एखाद्याचं मशीन फुटलं असतं.”

“मेस्त्री, मला त्या कागदाबद्दल…”

“तेच म्हणतोय मी. घरात बायकूला कायम सांगतो. त्या दिवशी दुसरं कोण असतं ना, तर माझं मन राखायला खोटं वाचलं असतं. म्हणालं असतं, जरासंच चुकलंय मेस्त्री, परीक्षकाचंच काय तरी चुकलं असंल. आणि मी पुन्हा बाकावर बसायला गेलो असतो. तू तसं केलं न्हाईस. साहेब पलीकडं उभा असताना, तोंडावर, हाय तसं वाचलंस.” त्यांनी चष्मा परत नाकावर चढवला. “पोटच्या पोरीनं केलं नसतं.”

माझा हात पर्सच्या चेनवर होता. बाहेर कुणीतरी खडखडत हातगाडी ओढत गेलं.

“बोल,” मेस्त्री म्हणाले. “काय पायजे हुतं तुला?”

“टाचण्या,” मी म्हणाले. “एक डबी.”

ते उठून आत गेले. फळीवरच्या डब्या एकेक चाचपत त्यांनी टाचण्यांची शोधून काढली, खिडकीतून माझ्या हातात दिली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.